माडांची मोजणी

दिवस पहिला

विमान रात्री कोसळलं. केबिनमध्ये पाणी भरत होतं आणि मला एवढंच कळत होतं की वर जायचं आहे, जमेल तितक्या लवकर. पाण्याबाहेर डोकं काढलं तर जवळच फुगवलेला तराफा हेलकावे खात होता. त्यात चढले. रात्र तशीच सरली आणि उजाडल्यावर समोर बेट दिसलं.

‘स्ट्रँडेड डीप’ हा गेम असा सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या बीम टीम गेम्सनं २०१५च्या जानेवारीत तो अर्धवट तयार असतानाच खेळायला खुला केला, आणि पुढे २०२०च्या एप्रिलमध्ये तो कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर, आला. जागा पॅसिफिक महासागर. पण बेटांची मांडणी प्रत्येक नव्या खेळात वेगळी होते, त्यामुळे मी पाहिलेलं बेट तुम्हाला कधी दिसणार नाही. तिथले दिवस लिहून ठेवावेत असं मला वाटलं ते त्यामुळेच.

वल्हं मारत किनारा गाठला. तराफा ओढून पार झाडांच्या सावलीत नेला. मग बेटाला एक फेरी मारली. चालायला फार वेळ लागत नाही, इतकंच ते बेट. मधे थोडा उंचवटा, काही झुडपं, युक्का नावाच्या रोपाची टोकदार पानं, खडक, खेकडे. आणि माड. ते मी मोजले, कारण तहानेची धास्ती होती आणि पिण्यासारखं काही दिसत होतं ते फक्त त्यांच्या शेंड्यावर. चौदा भरले.

पहिल्या दिवशी हाताला काम पुष्कळ. दगड फोडून धारेचा दगड करायचा. त्यानं युक्का कापायची. चार पानांच्या तंतूंची एक दोरी होते. काठी, दगड आणि दोरी मिळून सुरी. पुढचं सगळं या दोरीवर चालतं, आणि चार पानांना एक हा हिशेब पहिल्या तासातच डोक्यात पक्का बसतो. संध्याकाळपर्यंत काठ्या आणि पानं जमवून एक आडोसा उभा केला. इथे आडोसा नसेल तर खेळ सेव्ह होत नाही. म्हणजे छप्पर नसेल तर आजचा दिवस झालाच नाही असं धरायचं! मला ही गोष्ट फार आवडली. झोपायच्या आधी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तब्येत, भूक, तहान, आणि दिवसाचा आकडा : १.

दिवस दुसरा

उठले तेव्हा तहानेची पट्टी निम्म्यावर आली होती. एका ठेंगण्या माडाला हात पोचत होता. नारळ काढला, सोडण सोलली आणि पाणी प्यायले. पट्टी वर सरकली. बरं वाटलं म्हणून दुसरा फोडला, मग तिसरा. तिथे चूक झाली. लागोपाठ नारळपाणी प्यायलं की या गेममध्ये जुलाब सुरू होतात आणि जेवढं पाणी पोटात गेलं त्याहून जास्त बाहेर पडतं. खऱ्या आयुष्यातही शहाळ्याचं पाणी बेसुमार प्यायलं तर पोट बिघडतं, तेव्हा बनवणाऱ्यांनी हा नियम हवेतून काढलेला नाही. दुपार अशीच गेली. पाण्यात पाय सोडून बसले होते आणि समोर क्षितिजापर्यंत पाणीच पाणी, त्यातला घोटभर उपयोगाचा नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपली मूत्रपिंडं इतकं खारट मूत्र बनवू शकत नाहीत. एक पेला समुद्राचं पाणी पोटात गेलं की त्यातलं मीठ धुऊन काढायला शरीराला पेलाभराहून जास्त पाणी खर्चावं लागतं. हे वाचलेलं होतं. तहानेची पट्टी डोळ्यांदेखत रिकामी होताना आणि पायाशी लाटा फुटताना ते पहिल्यांदा नीट समजलं.

दिवस तिसरा

आज धाकटा भाऊ शेजारी येऊन बसला. तो खेळत नाही, बघतो. आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

बेटापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली एक बुडालेलं जहाज दिसत होतं. तराफा वल्हवत तिथे गेले आणि बुडी मारली. लोखंडी कपाटं, पेट्या, गंज. श्वास पुरेल तेवढा वेळ आत, मग वर, मग पुन्हा खाली. एक कंदील मिळाला, कापडाचे तुकडे मिळाले. चौथ्या बुडीत मी कपाटाचं दार उघडत होते तेव्हा भाऊ ओरडला, “ताई, तराफा बघ!”

वर आले. तराफा नव्हता. म्हणजे होता, पण वाऱ्याबरोबर बराच लांब गेला होता आणि अजून जात होता. मी पोहायला लागले. पाण्यात डोकं घातलं की खालचा निळा काळोख, बाहेर काढलं की लाटेमागे लपणारा तराफा. मधेच डावीकडून एक लांब, पट्टेरी अंग शांतपणे सरकत गेलं. टायगर शार्क. तो घाईत नव्हता. माझ्याभोवती एक वळसा घेऊन दिसेनासा झाला, आणि दिसेनासा झाल्यावर जास्त भीती वाटली. “मागे बघू नकोस ताई, पुढे पोह,” भाऊ म्हणाला, आणि मी तेच केलं. तराफ्याच्या कडेला हात लागला तेव्हा माझे तळवे खरोखरचे ओले झाले होते.

परत येऊन तराफा किनाऱ्यापासून दहा पावलं आत ओढला. तिथून पुढे एकदाही त्यात कसूर केली नाही.

दिवस चौथा ते आठवा

हे पाच दिवस मी बांधत होते. एकत्र लिहिते, कारण ते तसेच गेले : कुऱ्हाड, लाकूड, दोरी, पुन्हा कुऱ्हाड.

माड तोडायला सुरुवात केली तेव्हा फार छान वाटलं. कुऱ्हाडीचा घाव बसला की खोडातून भुगा उडतो, झावळ्या थरथरतात. सात-आठ घावांनंतर मोठा करकर आवाज होतो आणि अख्खं झाड कलंडतं. नारळ वाळूवर उसळत घरंगळतात, एखादा थेट पाण्यात जातो. मग ओंडके तोडून काठ्या करायच्या. एका माडातून इतकं लाकूड निघतं की हाव सुटते. मी घराचा पाया घातला, भिंती उभारल्या. मांस टिकवायला धुराची भट्टी केली. पाणी गाळायची रचना केली. तिच्यात तंतुमय पानं घातली की उन्हानं त्यांतला ओलावा सुटतो, वरच्या कापडाला खालून थेंब धरतात आणि भांड्यात पडतात. सूर्याच्या उष्णतेवर गोडं पाणी मिळवायची ही पद्धत खरोखरची आहे, फक्त प्रत्यक्षात ती बरीच हळू चालते. पाऊस पडला तर तेच भांडं आपोआप भरतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी तीन माड उरले होते. घराला छप्पर बाकी होतं. आठव्या दिवशी सकाळी ते तिन्ही पाडले.

छप्पर झालं. दाराशी उभी राहिले आणि समुद्राकडे पाहिलं. मधे काहीच आलं नाही. एका किनाऱ्यावरून दुसरा किनारा सरळ दिसत होता. सावली फक्त घराची, आणि तीही दुपारी भिंतीला चिकटलेली. दोन खेकडे उघड्या वाळूवरून तिरके पळत गेले आणि त्यांना लपायला झाड नाही हे बघून मला कसंतरी झालं.

युक्का कापली तर काही दिवसांनी पुन्हा फुटते. माड पुन्हा उगवत नाही. या गेममध्ये वाफा करून काही रोपं लावता येतात, पण त्यांत माड नाही. एकदा पाडला की तो त्या बेटावरून कायमचा गेला. हे मला आठव्या दिवशी कळलं.

दिवस नववा

उन्हानं गाठलं. भर दुपारी किनाऱ्यावर मासे भाजत होते आणि ऊन लागल्याची खूण आली. गेममध्ये अंगावर ऊन किती पडलं याचाही हिशेब असतो. सावलीत जायचं किंवा पाण्यात उतरायचं, हाच उपाय. पाण्यात शार्क होता. घरात जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाही. मासे जळून कोळसा झाले.

दिवस दहावा ते बारावा

निघायचं ठरवलं. किनाऱ्याला लागलेली पिंपं आणि टायर जमवून मोठ्या तराफ्याचा सांगाडा केला, वर फळ्या टाकल्या. शीड, सुकाणू, नांगर. नांगर सगळ्यात आधी केला. एका पेटीत दगड, दोऱ्या आणि कंदील ठेवून ती घरातच मागे ठेवली, पुन्हा येईन तेव्हा लागतील म्हणून.

दिवस तेरावा

या दिवसाबद्दल मला सावकाश लिहायचं आहे.

पहाटे शीड सोडलं. हातात होकायंत्र, खाण्याला धुरावलेलं मांस, पिण्याला करवंटीच्या दोन बाटल्या. खेळताना बघायला नकाशा नसतो. दिशा धरायची आणि क्षितिजाकडे बघत राहायचं. सुरुवातीला मला वाटत होतं की बेट दिसेल म्हणजे जमीन दिसेल. तसं होत नाही. समोर नुसती पाण्याची रेघ असते, मग त्या रेघेवर काहीतरी बारीक खरखरीत दिसतं, डोळ्यात काही गेलंय असं वाटावं इतकंच. ते माडांचे शेंडे. वाळू, खडक, किनारा हे सगळं नंतर येतं.

खेळ थांबवून मी याचा हिशेब मांडला. तराफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच धरले तर क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर येतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यापलीकडची सपाट जमीन दिसत नाही. पण २० मीटर उंचीचा माड असेल, तर त्याचा शेंडा सुमारे २० किलोमीटरवरून दिसू शकतो. पॅसिफिकमधली प्रवाळबेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर असतात. होडीतून आलेल्या माणसाला ती सापडतात ती झाडांमुळे. आणि ती झाडं तिथे येतात पाण्यावरूनच. नारळाची सोडण तंतुमय असते, आत हवा धरून ठेवते, म्हणून नारळ तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतो आणि तिथे रुजतो. म्हणजे माड आधी समुद्र ओलांडून येतो, आणि मग मागून येणाऱ्यांना वाट दाखवतो.

दुपारी वारा पडला. शीड लोंबकळलं. चहूकडे इतकी शांतता की तराफ्याखालून पाणी चुळचुळताना ऐकू येत होतं. मग उजवीकडे पाणी फुगल्यासारखं झालं आणि एक देवमासा वर आला. मी वल्हं खाली ठेवलं. तो प्रचंड होता आणि त्याला माझ्याशी काही कर्तव्य नव्हतं. पाठ चमकली, खाली गेली, आणि त्याच्या जागी गुळगुळीत पाण्याचं एक वर्तुळ बराच वेळ राहिलं. भाऊ काहीच बोलला नाही. मीही नाही.

संध्याकाळी त्या रेघेवर शेंडे दिसले.

दिवस चौदावा

दुसरं बेट. नांगर टाकला, उतरले, फेरी मारली. अकरा माड.

या वेळी कुऱ्हाड बाहेर काढली नाही. काठ्या झुडपांतून मिळवल्या. हात पोचेल तिथले नारळ हातानं, वरचे भाला फेकून पाडले. भाला नेमका लागत नाही. दहातले सात नेम चुकतात आणि प्रत्येक वेळी जाऊन तो उचलून आणावा लागतो. पण झाड उभं असलं तर त्याला पुन्हा नारळ धरतात, आणि सात चुकलेल्या नेमांपेक्षा ते खूप मोठं आहे. माझं नवं घर पहिल्याच्या निम्मंही झालं नाही. दोन माडांच्या मधे बसलं, एवढंच.

दिवस सतरावा

साप चावला.

युक्का कापायला वाकले होते. फुस्स असा आवाज झाला, आणि तो कुठून आला हे कळायच्या आत पडदा हिरवट झाल्यासारखा वाटला. घड्याळात बघितलं तर जीव हळूहळू उतरत होता. यावर औषध आहे : पिपी नावाची वनस्पती आणि नारळाच्या करवंटीची बाटली. पिपी कुठे पाहिली होती ते मला आठवेना. मी वेड्यासारखी पळत होते.

“ताई, थांब. उंचवट्याच्या मागे, खडकापाशी. काल तू तिथून गेलीस.”

तिथे होती. आता बाटली. माझ्या दोन्ही बाटल्या मासे पकडताना तराफ्यावरून पाण्यात गेल्या होत्या. घरामागच्या ठेंगण्या माडाला एक नारळ होता. तो तोडला, दोरी लावून बाटली केली, औषध केलं, प्यायले. जीव उतरायचा थांबला. मी बराच वेळ त्या माडाकडे बघत बसले. हाच प्रसंग पहिल्या बेटावर नवव्या दिवशी आला असता तर पिपी हातात असूनही उपयोग नव्हता, कारण तिथे नारळच उरला नव्हता.

दिवस अठरावा ते सव्विसावा

वाफा केला. त्यात पिपी लावली, उन्हावर उपयोगी म्हणून कोरफड लावली. रोज पाणी घालायचं. युक्काची पानं गाळणीत घालायची. सकाळी खेकडे, संध्याकाळी मासे. लायनफिश आणि समुद्री साळू यांच्या काट्यांपासून दूर राहायचं, त्यांनाही विष असतं. दिवस एकसारखे जात होते आणि मला ते हवे होते.

या दिवसांत मला अलेक्झांडर सेलकर्क आठवत होता. हा स्कॉटलंडचा खलाशी. १७०४मध्ये त्यानं स्वतःहून चिलीच्या पश्चिमेच्या मास आ तिएरा या निर्जन बेटावर उतरायचं ठरवलं, कारण आपलं जहाज गळकं आहे आणि बुडणार असं त्याला वाटत होतं. जहाज पुढे खरंच बुडालं. तो त्या बेटावर चार वर्षं आणि चार महिने एकटा राहिला. १७०९मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला उचललं. बंदुकीची दारू संपल्यावर तो रानबकऱ्यांच्या मागे अनवाणी धावून त्यांना पकडत असे, आणि रात्री उंदीर पाय कुरतडत म्हणून त्यानं मांजरं माणसाळवली होती. त्याच्या त्या चार वर्षांपुढे माझे पंचवीस दिवस काहीच नाहीत हे मला माहीत आहे. पण त्यानं मांजरं जवळ केली ती का, हे मला वाफ्याला पाणी घालताना कळलं असं वाटतं. बेटावर काहीतरी आपल्यावर अवलंबून असावं लागतं, नाहीतर सकाळी उठायला नुसती भूक उरते.

दिवस सत्ताविसावा

भावानं आज विचारलं, “ताई, सुटका कधी करणार?”

सुटका आहे. एका विमानाचे तीन भाग मिळवले तर ते दुरुस्त करून उडता येतं. पण प्रत्येक भाग समुद्रातल्या एका अवाढव्य प्राण्याकडे आहे. एक मेग, म्हणजे मेगालोडन, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क. एक लुस्का, कॅरिबियन दंतकथांमधला समुद्रराक्षस. आणि तिसरा आबाया.

आबाया मेलानेशियाच्या, म्हणजे नैर्ऋत्य पॅसिफिकमधल्या बेटांच्या, लोककथांमधला आहे. मूळ कथांत तो गोड्या पाण्याच्या तळ्यात राहणारा प्रचंड ईल, सापासारखा लांब मासा. तळ्यातले सगळे मासे तो आपली लेकरं मानतो. कुणी तिथे मासेमारी केली तर तो शेपटीनं पाणी घुसळतो, पाऊस कोसळतो आणि पूर येतो. गेमनं त्याला समुद्रात आणून लढाईसाठी उभं केलंय. खेळायला ते ठीक आहे, पण मला मूळ कथेतला आबाया जास्त भावतो. त्याला मारायला भाले तासायची मला अजून घाई नाही, असं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “मग पहिल्या बेटावरची पेटी तरी आण. कंदील तिथेच आहे.”

दिवस एकतिसावा

पेटी आणायला पहाटे निघाले. दिशा उलटी धरली, होकायंत्रावर सतत लक्ष होतं. वारा चांगला होता. तेराव्या दिवशी जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात पोचायला हवं होतं.

पोचले नाही. रेघेवर काहीच दिसेना. आणखी पुढे गेले. मग शंका आली, सुकाणू वळवलं, मागे आले, पुन्हा वळवलं. पाणीच पाणी. अर्धा दिवस मी माझं पहिलं बेट शोधत होते, जिथे बारा रात्री झोपले होते. “ताई, ते तिकडे चौकोनी काय आहे?” भाऊ म्हणाला. ते छप्पर होतं. माझ्या घराचं. एवढी एकच गोष्ट त्या बेटावर पाण्याच्या वर डोकं काढून उभी होती, आणि ती माडांइतकी उंच नव्हती. म्हणून अगदी जवळ येईपर्यंत दिसली नाही.

उतरले. पेटी घेतली. भिंतींना हात लावला. युक्का पुन्हा फुटली होती, हिरवी आणि टवटवीत. चौदा जागा मला आठवत होत्या, कुठला माड कुठे होता ते, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन उभी राहिले. वाळू सगळीकडे सारखीच होती.

“इथे राहायचं का आज?” भावानं विचारलं.

“नको रे. अंधार पडायच्या आत परत जाऊ.”

शीड सोडलं. सूर्य पाठीमागे होता आणि पाणी तांबूस झालं होतं. बराच वेळ नुसती रेघ. मग तिच्यावर ती बारीक खरखर उमटली, आधी दोन, मग चार-पाच, मग सगळे. मी मोजत गेले. अकरा झाल्यावर सुकाणू थोडं डावीकडे घेतलं, शीड उतरवलं आणि नांगर टाकला.